तीन गिटारी, तीन स्वतंत्र सुरावटी

तीन गिटारवादक एकत्र बसले की कामाची वाटणी बहुधा आधीच ठरलेली असते: एकाकडे धून, दुसऱ्याकडे कॉर्ड, तिसऱ्याकडे खर्ज. काही वर्षं रियाज झालेल्या, पण अजून मैफलीच्या तयारीला न पोचलेल्या वादकांसाठी पाश्चात्त्य अभिजात रचनांची रूपांतरं होतात, त्यांतलीही बरीचशी याच साच्यातली असतात. ती ऐकायला गोड लागतात, पण धून एकाच्याच वाट्याला येते आणि उरलेले दोघे नुसती साथ करत राहतात. अशा त्रिकुटाच्या हाती सर्वांत आधी द्यावं ते तिघांना सारखं मोल देणारं संगीत, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी योहान सेबास्टियन बाखच्या तीन आवाजांच्या ‘सिन्फोनिया’ फार उपयोगी आहेत.

दोन आवाजांच्या पंधरा आणि तीन आवाजांच्या पंधरा अशा या छोट्या रचनांची सुबक प्रत बाखने १७२३ मध्ये तयार केली. त्यांची आधीची रूपं थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्या शिकवणीच्या वहीत सापडतात. म्हणजे त्या मुळातच विद्यार्थ्यांसाठी आहेत. कीबोर्डवर मात्र तीन सुरावटी दोनच हातांना सांभाळाव्या लागतात आणि मधली सुरावट कधी उजव्या हाताकडे, तर कधी डाव्याकडे जाते. एकट्या गिटारवर हे काम बोटांना आणखी जड जातं. तीन गिटारींत ते वाटलं की प्रत्येकाला आपली ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायल्यासारखी वाजवता येते, आणि गाता स्वर साधावा हीच बाखची शिकणाऱ्यांकडून अपेक्षा होती. नववी सिन्फोनिया पाहा. तिच्यात एक सुरावट अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते, दुसरी उसाशांसारखी तुटक आहे आणि तिसरी अधिक चंचल. या तिन्ही एकमेकींच्या वर-खाली जागा बदलत राहतात, त्यामुळे तो उतरता विलाप प्रत्येक वादकाच्या वाट्याला येतो. मूळ रचना एफ मायनरमध्ये आहे. त्या पट्टीच्या मूळ सात स्वरांत गिटारच्या मोकळ्या तारांपैकी फक्त जी बसते. तीच रचना अर्धा स्वर खाली, ई मायनरमध्ये आणली की सहाही मोकळ्या तारा पट्टीत येतात. सप्तकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. वरची ओळ गिटारच्या शेवटच्या पडद्यांकडे जाते म्हणून तेवढीच एक सप्तक खाली आणली, तर ती मधल्या ओळीत गुंतते आणि दोन्ही ऐकू येईनाशा होतात. सोपं करण्याची खरी कसोटी इथे लागते.

मूळ वाद्य बदललं की रचना बिघडते, हा आक्षेप बाखच्या बाबतीत तरी टिकत नाही. विवाल्दीची चार व्हायोलिनांची कॉन्चेर्तो त्यानेच चार हार्प्सिकॉर्डसाठी लिहिली, पट्टी बदलून. स्वतःचा चेलोसाठीचा पाचवा सूटही त्याने ल्यूटसाठी बसवला. गिटारचा स्वर टिकत नाही हे खरं, पण हार्प्सिकॉर्डचीही तार छेडलीच जाते आणि तिचाही स्वर विरतोच. तिन्ही वाद्यांचा नाद एकसारखा असल्याने ओळी मिसळतात, ही तक्रार मला अधिक वजनदार वाटते. तिच्यावर इलाज वादकांच्याच उजव्या हातात आहे. घोडीजवळ छेडलेली तार टणक आणि स्पष्ट बोलते, ध्वनिछिद्राच्या पलीकडे पडद्यांच्या बाजूला छेडली की स्वर गोल होतो. ज्याच्याकडे मुख्य सुरावट येईल त्याने हात घोडीकडे न्यावा, बाकीच्यांनी मागे घ्यावा. विराम आला की मोकळी खर्जाची तार अंगठ्याने वेळेवर दाबावी, नाहीतर ती गुंजत राहते आणि नेमका त्याच क्षणी सुरू होणारा दुसऱ्याचा आवाज झाकून टाकते. फक्त आपलीच ओळ पाठ करून बसलेल्याला हा क्षण सापडत नाही. म्हणून तालमीत सुरांच्या कागदांची अदलाबदल करून तिघांनी तिन्ही ओळी वाजवून पाहाव्यात.