युद्धकैदी म्हणजे गुन्हेगार नव्हे

भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे तो पडला, तेव्हा ठरलेल्या तहानुसार पोर्तुगीज शिबंदी शस्त्रं आणि बायकामुलं घेऊन निघून गेली. हरलेल्यांचं काय करायचं, हे त्या काळी असं तहागणिक ठरायचं. आज त्यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे. तरीही युद्धकैद्यांच्या छावणीविषयी अनेक समजुती सिनेमांतून आलेल्या असतात आणि यादवी युद्धाचा विषय निघाला की गोंधळ आणखी वाढतो. बांगलादेशच्या जन्माची कहाणी हा गोंधळ दूर करायला उपयोगी पडते. 1971 मध्ये तिथे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आधी एका देशातली यादवी पेटली आणि मग भारत आणि पाकिस्तान या दोन देशांचं युद्ध झालं.

गैरसमज: लढताना पकडला गेलेला प्रत्येक जण युद्धकैदी असतो.

वस्तुस्थिती: 1949 चा तिसरा जिनिव्हा करार पूर्णपणे लागू होतो तो दोन देशांमधल्या युद्धात. देशांतर्गत युद्धासाठी त्यातलं तिसरं कलम आहे. छळ नको, खून नको, जखमींवर उपचार हवेत, न्यायालयाच्या निकालाशिवाय शिक्षा नको, एवढं किमान संरक्षण ते देतं. पण ‘युद्धकैदी’ हा दर्जा देत नाही.

25 मार्च 1971 ला यादवी पेटल्यानंतर पाकिस्तानी लष्कराच्या हाती लागलेला, बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचा तरुण लष्कराच्या लेखी देशद्रोही होता. त्याच लष्कराचे सैनिक 16 डिसेंबरला ढाक्यात शरण आले, तेव्हा मात्र त्यांना कराराचं पूर्ण संरक्षण मिळालं.

दर्जा नाकारला की काय होतं, हे अमेरिकेच्या यादवीत दिसलं. दक्षिणेकडच्या राज्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानायला नकार दिला. कैद्यांची अदलाबदल बंद पडण्यामागे हे मोठं कारण होतं. छावण्या तुंबल्या. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलमध्ये 14 महिन्यांत सुमारे 45 हजार कैदी आले. त्यातले जवळजवळ 13 हजार हगवण, स्कर्व्ही आणि उपासमारीने मेले.

गैरसमज: छावणी ही पराभवाची शिक्षा असते.

वस्तुस्थिती: सैनिकाला पुन्हा लढाईत उतरता येऊ नये, एवढाच तिचा हेतू. चौकशीत त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगितला की पुरे. शिपायांना काम देता येतं, पण अधिकाऱ्यांवर कामाची सक्ती करता येत नाही. हुद्द्यानुसार दरमहा थोडे पैसे मिळतात. घरी पत्र पाठवण्याचा हक्क असतो.

अर्थात कागदावरचा हक्क कोठडीत मिळेलच याची खात्री नसते. 1971 च्या युद्धात पाकिस्तानने पकडून रावळपिंडीत ठेवलेल्या भारतीय वैमानिकांना सुरुवातीला एकेकटं कोंडून त्यांची चौकशी झाली. 1971 च्या नाताळात छावणीप्रमुख उस्मान हमीद यांनी केक मागवला आणि त्या निमित्ताने हे सगळे पहिल्यांदा एकत्र आले.

गैरसमज: पळून जाणं हा गुन्हा आहे.

वस्तुस्थिती: सुटकेचा प्रयत्न सैनिकाचं कर्तव्यच मानलं जातं. नुसत्या पळण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होते आणि ती 30 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही.

रावळपिंडीच्या त्याच छावणीतले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांचं सुखोई विमान 10 डिसेंबर 1971 रोजी पडलं होतं. ऑगस्ट 1972 मध्ये एका वादळी रात्री ते मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह कोठडीच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडले. बसने पेशावर गाठलं आणि तिथून अफगाण सरहद्दीच्या दिशेने लंडी कोतलपर्यंत मजल मारली. सरहद्द काही मैलांवर होती. नकाशात पुढे लंडी खाना हे स्टेशन दिसत होतं. त्यांनी एका चहाच्या दुकानात तिकडची वाट विचारली आणि तिथेच घात झाला. त्या स्टेशनापर्यंतची रेल्वे 1932 मध्येच बंद पडली होती. असा पत्ता विचारणारे परके तरुण कोण, असा संशय येऊन त्यांना तहसीलदारापुढे उभं केलं गेलं. प्रसंग जिवावरचा होता. पारुळकरांनी उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. ही आपलीच माणसं आहेत, असं हमीद यांनी कळवलं आणि तिघे वाचले. नंतर त्यांना एकांतकोठडी मिळाली आणि 1 डिसेंबर 1972 रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले.

गैरसमज: भारताने 93 हजार पाकिस्तानी सैनिक पकडले आणि सिमला करार होताच सोडून दिले.

वस्तुस्थिती: 93 हजारांत सुमारे 80 हजार गणवेशधारी होते. उरलेले नागरी कर्मचारी आणि कुटुंबीय. सिमला करार 2 जुलै 1972 चा, पण सुटकेचा मार्ग ऑगस्ट 1973 च्या दिल्ली कराराने मोकळा झाला. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता देत नव्हता आणि बांगलादेशाला 195 जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. ढाक्यात शरण आलेल्या फौजेचे सेनापती, जबलपूरला ठेवलेले जनरल नियाझी एप्रिल 1974 मध्ये परतले.

गैरसमज: युद्ध संपलं की सगळे कैदी घरी येतात.

वस्तुस्थिती: ज्याची नोंद रेडक्रॉसकडे होते, त्याच्याबद्दल जाब विचारता येतो. म्हणूनच पकडल्याबरोबर किंवा छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि रेडक्रॉसच्या केंद्राकडे कार्ड पाठवू द्यावं, असं करार सांगतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात पाडले गेले. सुटलेल्यांच्या यादीत ते नव्हते. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांनी पुढची अनेक दशकं त्यांचा शोध घेतला. 2007 मध्ये बेपत्ता सैनिकांच्या 14 नातेवाइकांनी पाकिस्तानातल्या तुरुंगांना भेटी दिल्या. त्यांना आपलं कुणीही सापडलं नाही. आपल्याकडे असे कैदी नाहीत, असं पाकिस्तान आजही सांगतो.