अन्ननलिकेतल्या दाबाचा नकाशा

रुग्ण उपाशीपोटी आलेला असतो. नाकपुडीत बधिर करणारी जेली लावतात आणि जेमतेम चार मिलिमीटर जाडीची लवचीक नळी हळूहळू आत सरकवतात. घशाशी पोचली की ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं. तंत्रज्ञ सांगत राहतो, ‘गिळा, गिळा, अजून एकदा गिळा.’ नळी अन्ननलिकेतून पोटाच्या तोंडापर्यंत गेली की गालाला चिकटपट्टी लावून पक्की करतात. मग रुग्णाला आडवं करून सिरिंजनं तोंडात पाच मिलिलिटर पाणी सोडतात. ते एकदाच गिळायचं. असे दहा घोट. त्यानंतर उठवून बसवतात आणि आणखी काही घोट देतात. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपतं.

ही हाय रिझोल्युशन मॅनोमेट्री. या नळीवर साधारण एक-एक सेंटिमीटरवर ३६ संवेदक असतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागचा दाब मोजत असतो. पडद्यावर त्याचा रंगीत नकाशा उमटतो. निळा म्हणजे दाब कमी, लाल-जांभळा म्हणजे जास्त. निरोगी माणसानं घोट घेतला की वरून खाली तिरका उतरणारा एक पट्टा दिसतो, ती अन्न पुढे ढकलणारी लाट. तळाशी, अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरच्या वर्तुळाकार स्नायूचा एक आडवा पट्टा असतो. लाट येण्याआधीच तो फिका पडतो, म्हणजे वाट मोकळी होते. अ‍ॅकलेशिया हा अन्ननलिकेचा आजार झालेल्या माणसात हा तळाचा पट्टा फिका पडत नाही. वरची लाटही नीट उतरत नाही.

हा आजार किती दुर्मिळ आहे ते एका जिल्ह्यावरून पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १६,१५,०६९ होती. जगभरच्या पाहण्यांत या आजाराचं प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण एक नवा रुग्ण असं येतं. तोच हिशेब इथे लावला, तर जिल्ह्यात वर्षाला सोळा-सतरा नवे रुग्ण. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, म्हणजे तालुक्यामागे दोनही नाहीत. गुहागरात किंवा लांज्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरसमोर वर्षानुवर्षं असा एकही रुग्ण येत नसेल. आणि येतो तेव्हा तो ‘घास उतरत नाय’ एवढंच सांगतो. त्याला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळतात. खोकला आणि घटलेलं वजन पाहून क्षयाची शंका घेतली जाते. तपासण्यांत काहीच सापडलं नाही की ‘मनावर घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. निदानापर्यंत पोचायला अनेकांची काही वर्षं जातात. हा उशीर या आजाराचा सर्वांत वाईट भाग आहे, कारण आजार ओळखण्याच्या खुणा रुग्णाच्या बोलण्यातच असतात.

भाकरीचा तुकडा छातीत अडकतो, हे तर तो सांगतोच. पण नीट विचारलं तर कळतं की पेज, सोलकढी, नुसतं पाणीसुद्धा अडकतं, आणि तेही पहिल्यापासून. अन्ननलिकेत गाठ असेल तर आधी घट्ट अन्न अडकतं, पातळ बरंच नंतर. इथे दोन्ही बरोबरीनं अडकतात. रात्री आडवं झालं की दुपारचा भात तसाच तोंडात येतो, उशी ओली होते, ठसका लागून जाग येते. ते अन्न जठरापर्यंत गेलेलंच नसतं, त्यामुळे त्याला बहुधा पोटातल्या आम्लाची चव नसते. माणूस उभा राहून, छाती ताणून, घोटावर घोट पाणी पिऊन घास उतरवायला शिकतो. जेवायला तासभर लागतो, म्हणून तो पंगतीत बसायचं टाळू लागतो. घरच्यांना वाटतं, ह्याची खाण्यावरची वासनाच गेली.

बिघाड असतो मज्जापेशींत. अन्ननलिकेच्या स्नायूंच्या थरांमध्ये मज्जापेशींचं एक जाळं असतं. त्यातल्या ज्या पेशी स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप देतात, नेमक्या त्याच नष्ट होत जातात. शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध नाही. त्यामुळे आजवरचा प्रत्येक उपचार एकच काम करत आला आहे, तळाचा स्नायू सैल करणं. इंग्लंडात थॉमस विलिस या वैद्यानं १६७४ साली अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली. देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीला स्पंज बांधून त्यानं एक काठी करून दिली होती. रुग्ण जेवल्यावर ती स्वतःच्या घशात घालून अन्न खाली ढकलत असे, आणि पंधरा वर्षं तो असाच जगला. तो स्नायू कापून मोकळा करण्याची शस्त्रक्रिया १९१३ साली जर्मनीत एर्न्स्ट हेलर यांनी केली. तिला आजही हेलरचंच नाव आहे.

पण त्यानंतर बरीच दशकं अ‍ॅकलेशिया हा एकच आजार समजला गेला. उपचारानं काही रुग्ण भरल्या ताटावर परतत, काहींच्या छातीतली कळ जात नसे, आणि हा फरक का पडतो ते आधी सांगता येत नसे. जुन्या मॅनोमेट्रीच्या नळीवर मोजकेच संवेदक असत, तेही कित्येक सेंटिमीटर अंतरावर. कागदावर उमटलेल्या वेड्यावाकड्या रेषांवरून अंदाज बांधावा लागे. १९९०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला रे क्लाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवेदक जवळजवळ आणून त्या रेषांचा नकाशा केला. २००८ साली शिकागोच्या जॉन पँडोल्फिनो यांच्या गटानं अ‍ॅकलेशियाच्या ९९ रुग्णांचे असे नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यात तीन वेगळी चित्रं दिसली. तळाचा पट्टा तिन्हींत बंद होता; फरक होता तो वरच्या भागात.

पहिल्या प्रकारात वर काहीच नसतं. घोट गेला तरी अन्ननलिका निपचित असते आणि नकाशा निळाच राहतो. ९९ पैकी २१ जण या गटातले निघाले. दुसऱ्या प्रकारात लाट नसते, पण घोट घेताच अन्ननलिकेतला दाब वरपासून खालपर्यंत एकदम चढतो, तोंड बांधलेली पाण्याची पिशवी मुठीत दाबावी तसा. पडद्यावर उभाच्या उभा रंगीत खांब दिसतो. असे ४९ जण होते. उरलेल्या २९ जणांत अन्ननलिकेचा खालचा भाग अवेळी, जोरात आवळला जात होता. हा तिसरा प्रकार. छातीतली कळ बहुधा यातच जास्त असते, आणि हृदयविकाराच्या भीतीनं ईसीजी काढून आलेले रुग्ण यात सापडतात.

या तिघांचं उपचारानंतर काय होतं? युरोपात फुग्यानं तळाचा स्नायू ताणणं आणि तो कापण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी झाली होती. त्यातल्या १७६ रुग्णांचे नकाशे २०१३ साली प्रकारवार मांडले गेले. किमान दोन वर्षांनंतरचं यश दुसऱ्या प्रकारात ९६ टक्के, पहिल्यात ८१ आणि तिसऱ्यात ६६ टक्के होतं. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला डॉक्टर बऱ्याच विश्वासानं धीर देऊ शकतो. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाला फक्त तळाचा स्नायू मोकळा करून पुरत नाही, कारण आवळ वरपर्यंत गेलेली असते. म्हणून हात लावण्याआधी नकाशा काढणं हा या सगळ्या व्यवहारातला कळीचा टप्पा ठरतो.

औषधी गोळ्यांचा गुण थोडा आणि थोडा वेळ. तळाच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देण्याची रीत १९९०च्या दशकात पंकज पसरिचा यांनी अमेरिकेत रुळवली. त्याचा परिणाम बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर टिकतो, त्यामुळे ते शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी राखून ठेवतात. फुग्याचा उपचार मात्र आजही खणखणीत आहे. एंडोस्कोपीच्या मदतीनं ३० मिलिमीटर व्यासाचा, गरज पडली तर पुढच्या वेळी ३५ किंवा ४० मिलिमीटरचा फुगा त्या सांध्यात फुगवून स्नायूचे तंतू ताणून फाडतात. शंभरात दोघांच्या आसपास रुग्णांत अन्ननलिकेला भोक पडण्याचा धोका असतो, आणि काही वर्षांनी पुन्हा फुगा लागू शकतो. हेलरची शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते. आम्ल वर चढू नये म्हणून तिच्यासोबतच जठराचा थोडा भाग कापलेल्या जागेवर पांघरतात.

सर्वांत नवा मार्ग पोएम या नावानं ओळखला जातो. जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली तो माणसावर पहिल्यांदा केला. त्यात पोटावर कुठेही छेद नसतो. पूर्ण भूल देऊन एंडोस्कोप तोंडातून घालतात. सांध्याच्या बऱ्याच वर अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटी चीर देतात आणि अस्तराखाली निळ्या रंगाचं द्रावण टोचून थर सुटे करतात. मग त्या थरांमधूनच एंडोस्कोप खाली उतरवत बोगदा करतात, जठराच्या आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. बोगद्यात शिरून आतल्या बाजूनं वर्तुळाकार स्नायू विजेच्या सूक्ष्म सुरीनं कापत जातात. शेवटी वरची चीर क्लिपांनी बंद. छेद किती लांब घ्यायचा ते डॉक्टरच्या हातात असल्यामुळे तिसऱ्या प्रकारात ही पद्धत विशेष उपयोगी पडते. आवळ कुठून सुरू होते ते मॅनोमेट्रीनं दाखवलेलं असतं, छेद तिथपर्यंत नेता येतो.

पोएमलाही किंमत आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या चाचणीत पोएमचं दोन वर्षांनंतरचं यश ८३ टक्के आणि हेलरचं ८१.७ टक्के, म्हणजे बरोबरीचं निघालं. पण आम्लामुळे अन्ननलिकेला आलेली सूज पोएमनंतर ४४ टक्क्यांत दिसली, हेलरनंतर २९ टक्क्यांत. पोटावर टाका नाही एवढंच ऐकून हरखून जाण्याआधी हे रुग्णाला समजावून सांगायला हवं.

भारतात हे कसब लवकर रुजलं. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीनं २०१७ सालीच चारशेहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात डॉ. अमोल बापये यांच्या चमूचं या बोगद्याच्या तंत्रावर मोठं काम आहे. कोकणातल्या रुग्णानं मुंबई गाठली काय किंवा घाट चढून पुणं गाठलं काय, हे उपचार आता आवाक्याच्या अंतरावर आहेत.

अडतं ते त्याआधी. वर्षाला सोळा-सतरा रुग्णांसाठी तालुक्या-तालुक्यात मॅनोमेट्री हवी असं कुणी म्हणणार नाही. पण रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. पुढची तीस-चाळीस वर्षं कोकणात दवाखाने चालवणारी मुलं तिथे शिकत आहेत, आणि या आजाराची पहिली शंका त्यांनाच यायला हवी. त्यासाठी लागणारी साधनं महागडी नाहीत. एंडोस्कोपी आधी करायलाच हवी, कारण सांध्यावरचा कर्करोगही हुबेहूब असंच चित्र उभं करतो. साठीच्या पुढचा रुग्ण, थोड्या महिन्यांचा त्रास आणि झपाट्यानं घटलेलं वजन दिसलं तर ती शंका आधी फेडून घ्यावी लागते. दुसरी तपासणी बेरियमची. रुग्णाला उभं करून पांढरं बेरियम प्यायला देतात आणि एक, दोन व पाच मिनिटांनी एक्स-रे काढतात. अ‍ॅकलेशियात पाच मिनिटांनंतरही बेरियमचा स्तंभ अन्ननलिकेत उभा असतो आणि तळाशी ती पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. या स्तंभाची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवायची.

उपचारानंतर काही महिन्यांनी हाच एक्स-रे पुन्हा काढतात आणि उंची पहिल्या आकड्याशी ताडून पाहतात. रुग्णाला बरं वाटतंय पण स्तंभ तसाच आहे, असंही घडतं. अशा रुग्णाकडे अधिक लक्ष ठेवावं लागतं, कारण साचलेल्या अन्नानं अन्ननलिका हळूहळू फुगत, वाकडी होत जाते. ही तपासणी रत्नागिरीतच होऊ शकते. तेवढ्यासाठी त्याला रात्रीची गाडी पकडून मुंबईला जावं लागत नाही.