वज्रेश्वरी: तटबंदीतलं देवीचं घर
भिवंडी तालुक्यातलं वज्रेश्वरी मंदिर लांबून किल्लाच वाटतं. भक्कम दगडी तट, पुढे नगारखाना, चढायला 52 पायऱ्या. त्यांतल्या एकीवर कोरलेलं कासव. 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि पोर्तुगीजांकडून किल्ला जिंकल्यावर हे देऊळ उभं राहिलं, अशी परंपरा सांगते. त्या धामधुमीच्या काळात देऊळ असो की देशमुखांची गढी, तटाचा आधार हवाच होता. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत नवाहो लोकांनीही साधारण त्याच शतकात धाडींपासून बचावासाठी कड्याकपारींवर छोटी दगडी घरं बांधली. ती आज ओस आहेत. इथे मात्र नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाला जाल तेव्हा तटाचे दगडही जरूर निरखून पाहा.