अर्जासोबतचे एक पान

"आम्ही बी. ए.वाले, सीव्हीत लिहिणार काय?" असे मित्र विचारतात. मी त्यांना लिओनार्दो दा विंची सांगतो. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी केलेल्या पत्राच्या मसुद्यात त्याने आधी पूल, तोफा, वेढ्याची साधने मांडली; चित्रकला अगदी शेवटी! राज्यकर्त्याला गरज युद्धाची होती.

'कष्टाळू, प्रामाणिक' ही विशेषणे मी सरळ खोडतो. स्वतःला आळशी कोण म्हणवील? त्यापेक्षा 'रा. से. यो.च्या सात दिवसांच्या शिबिरात ५० जणांच्या जेवणाचा हिशेब ठेवला' असे लिहावे. कचेरीत कारकून हवा असेल तर हे वर, एकांकिकेचे बक्षीस खाली. नाट्यसंस्थेकडे अर्ज असेल तर उलट. उंची, वजन, जात मात्र मागितल्याशिवाय नको. तो लग्नाचा बायोडाटा नव्हे.