जुनी औषधे, नवे कार्य : बालकांच्या मेंदूविकारांवरील उपचार

एका विकारावरील औषध दुसऱ्याच विकारावर गुणकारी ठरावे, ही वैद्यकशास्त्रात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नवे औषध सिद्ध होण्यास अनेक वर्षे व मोठा खर्च लागतो. वापरातील औषधाचे गुणदोष मात्र बऱ्याच अंशी आधीच ज्ञात असतात. बालकांच्या मेंदूविकारांत ही वाट उपयुक्त ठरली आहे.

फेनफ्लुरामीन हे याचे ठळक उदाहरण होय. भूक मंदावण्यासाठी दिले जाणारे हे औषध हृदयाच्या झडपांस इजा करते, असे आढळल्याने १९९७ मध्ये अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. तथापि, ड्राव्हे विकार हा बहुधा औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या मोजक्या रुग्णांवर बेल्जियममधील डॉक्टरांनी त्याचा उपयोग चालू ठेवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार १२ पैकी ७ रुग्णांना किमान वर्षभर झटका आला नव्हता. पुढे रीतसर चाचण्या होऊन २०२० मध्ये अमेरिकेत त्यास या विकारासाठी मान्यता मिळाली. हृदयाची नियमित तपासणी मात्र आवश्यक ठरविण्यात आली.

प्रेडनिसोलोनचा उपयोग

आपल्या खेड्यापाड्यांच्या दृष्टीने दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. वेस्ट विकारात बहुधा पहिल्या वर्षातच अर्भकास, विशेषतः झोपेतून उठताना, एकामागून एक झटके येतात. मान व हातपाय क्षणभर आखडतात. पोटदुखी किंवा दचकणे समजून त्याकडे दुर्लक्ष होते आणि उपचारास विलंब झाल्यास बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका वाढतो. दमा व संधिवातावर दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्वस्त, तोंडाने घ्यावयाचे औषध येथे उपयोगी पडते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात प्रेडनिसोलोन किंवा तत्सम संप्रेरक-उपचाराने ७३ टक्के अर्भकांचे झटके दोन आठवड्यांत थांबले. व्हिगाबॅट्रिन या औषधाने ५४ टक्के.

दक्षता आणि कर्तव्य

औषध जुने म्हणून ते निर्धोक, असा समज करून घेऊ नये. प्रेडनिसोलोनमुळे रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग बळावतो. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून निदान, मात्रा व कालावधी तज्ज्ञांनीच ठरवावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याद्वारे जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. अर्भकास असे झटके येत असल्याचे कळताच पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्या कुटुंबास विनाविलंब आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. औषध हाताशी आहे. ते वेळेवर मिळावे, एवढीच निकड आहे.