पर्वतलहरी : डोंगराचा धक्का आभाळात किती उंच जातो?



जून उजाडला की आपण सोलापूरकर पश्चिमेकडे पाहू लागतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या वाट्याला साडेसातशेच्या आसपास येतो. सह्याद्रीने पाऊस अडविला असे आपण शाळेत शिकलो, आणि ते खरेही आहे. परंतु डोंगराचा वाऱ्यावरील परिणाम माथ्यापाशी संपत नाही. डोंगर वाऱ्याला जो धक्का देतो तो लाटेच्या रूपाने पुष्कळ उंच जाऊ शकतो; आणि तो कोठे पोचतो, कोठे थांबतो, हे ठाऊक नसेल तर हवामानाचा अंदाज चुकतो. मी या शास्त्राचा पदवीधर नव्हे. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करता करता वाचनालयातील पुस्तकांतून जे समजून घेतले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नावाचा खुलासा. शास्त्रज्ञ या लाटांना गुरुत्व लहरी म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्यांच्यासाठी वेधशाळा उभारावयाची आहे, त्या लहरी निराळ्या. त्या कृष्णविवरांच्या टकरीतून येतात. आपल्या लहरी साध्या हवेच्या आहेत. चढलेल्या हवेला तिचे वजन पुन्हा खाली ओढते, एवढाच येथे गुरुत्वाचा संबंध.

हवेचा एक गोळा मनात धरा. तो वर चढला की वरचा दाब कमी असल्यामुळे फुगतो, आणि फुगताना थंड होतो. कोरडी हवा असेल तर दर किलोमीटरला सुमारे 10 अंश. भोवतालची हवा मात्र उंचीबरोबर सरासरी साडेसहा अंशांनीच थंड होत असते. म्हणजे किलोमीटरभर चढलेला गोळा शेजारच्या हवेहून साडेतीन अंश थंड, म्हणून जड ठरतो. तो खाली घसरतो, वेगाच्या भरात मूळ पातळीच्याही खाली जातो, तेथे उबदार व हलका ठरून पुन्हा वर येतो. असा एक झोका पुरा व्हावयास साधारण 10 मिनिटे लागतात.

हे झोके चालू असताना गोळा वाऱ्याबरोबर पुढे चाललेलाच असतो. सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा 10 मिनिटांत 6 किलोमीटर जातो; म्हणून डोंगरापलीकडे सुमारे 6 किलोमीटरांच्या अंतराने हवेचे उंचवटे उभे राहतात. वारा दुप्पट, तर अंतर दुप्पट. भरल्या ओढ्यात धोंड्यामागचा पाण्याचा फुगवटा जागीच राहतो आणि पाणी त्यातून धावत असते, तसाच हा प्रकार. हवेत ओल असेल तर अशा उंचवट्यावर भिंगाच्या आकाराचा ढग धरतो. तो तासन्‌तास हालत नाही. वारा मात्र त्याच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडत असतो.

आता ही लाट वर कशी चढते? एक थर वरखाली झाला की त्याच्यावरचा थरही हलतो. मोर्चात पुढच्या रांगेला बसलेला धक्का शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. माणूस दोन पावले हलतो, धक्का मैलभर जातो. पण प्रत्येक धक्का पोचतोच असे नाही. झोपाळ्याला त्याच्या तालाहून फार घाईने ढकलले तर तो जागीच थरथरतो. अरुंद टेकडी वारा दोन-तीन मिनिटांत ओलांडतो, म्हणून तिची खळबळ थोड्याच उंचीवर विरते. रुंद रांग ओलांडावयास झोक्याच्या 10 मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर लाट वरच्या वाटेला लागते.

वर जाताना ती वाढते. आसुडाची मूठ थोडी हलविली तरी बारीक टोक सपकन फिरते, कारण तोच जोर कमी वजनावर पडतो. हवेचेही तसेच आहे. 30 किलोमीटर उंचीवर हवा जमिनीजवळच्या मानाने सुमारे सत्तर पटींनी विरळ असते. तेथे तीच लाट सुमारे आठपट मोठे हेलकावे घेऊ लागते. शेवटी ती इतकी उभी होते की किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते, आणि तिने आणलेला उलटा रेटा तेथल्या वाऱ्याला बसून वारा मंदावतो. कर्ज एका गावी काढावे आणि वसुली दुसऱ्या गावी व्हावी, असा हा व्यवहार आहे.

ही केवळ कागदावरची गणिते नव्हेत. 2 सप्टेंबर 2018 रोजी अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटांवर स्वार होऊन ‘पर्लान’ नावाचे बिनइंजिनाचे विमान 22 किलोमीटरहून अधिक उंच गेले. उलट 5 मार्च 1966 रोजी जपानात फुजी पर्वताजवळ अशाच लाटांच्या खळबळीत एक प्रवासी विमान आकाशातच मोडले आणि 124 माणसे प्राणास मुकली.

मग आपल्या सह्याद्रीचे काय? भारतीय हवामान खात्यातील आर. पी. सरकार यांनी पर्वतलहरींची समीकरणे पश्चिम घाटाला लावून 1966 साली पावसाचे गणित मांडले. किनाऱ्यापासून आत जावे तसा पाऊस वाढतो, माथा येण्यापूर्वीच तो सर्वांत अधिक होतो आणि पलीकडे झपाट्याने घटतो, हे त्यातून निघाले. आपण तर माथ्यापासून कितीतरी पूर्वेला आहोत. आपल्या कोरडेपणाचा सारा दोष लाटांवर टाकता येणार नाही. बरीचशी ओल घाटातच रिती झालेली असते.

परंतु पावसाळ्यात सह्याद्रीच्या लाटेला एक छत असते. मोसमी पश्चिमी वारा साधारण 6 किलोमीटर उंचीपर्यंतच असतो. त्याच्यावर पूर्वेकडून वारा वाहतो, आणि 14-15 किलोमीटरांवर तो फार जोरदार होतो; या प्रवाहाचे वर्णन पी. कोटेश्वरम् यांनी 1958 साली केले. पश्चिमी वारा संपून पूर्वेचा सुरू होतो तेथे मध्ये एक पातळी अशी येते, की पूर्वपश्चिम वारा जवळजवळ शून्य असतो. डोंगर स्थिर, म्हणून त्याची लाटही स्थिर; वाहत्या वाऱ्यावाचून तिला उभे राहता येत नाही. वारा मंदावत जाईल तसतशा तिच्या घड्या एकमेकींवर दाटत जातात आणि तेथेच ती मोडते. हिमालयावर हिवाळ्यात पश्चिमी वारा खालपासून खूप उंचापर्यंत एकाच दिशेने वाहतो, म्हणून तेथल्या लाटांना वरची वाट मोकळी असते.

याचा सामान्य माणसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अंदाजाशी आहे. संगणकावर हवामानाचा हिशेब करताना पृथ्वीचे चौकोन पाडतात. एके काळी ते चौकोन इतके मोठे होते की डोंगरांच्या लाटा त्यांतून निसटून जात. परिणामी हिवाळी पश्चिमी वारे प्रत्यक्षाहून जोरदार निघत. 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यास शास्त्रज्ञांनी या लाटांचा रेटा हिशेबात धरला, तेव्हा ती चूक पुष्कळ कमी झाली. ज्याची वहीत नोंद नाही त्याचेही काम मोजावे लागते, हे आम्हा संघटनेच्या माणसांना नवे नाही. पेरणी केव्हा करावी हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही नोंद पोटाशी निगडित आहे.

येत्या पावसाळ्यात उघडीप पडली की वर पाहा. खालचे काळे ढग पूर्वेकडे आणि फार उंचावरचे पिंजलेले पांढरे ढग पश्चिमेकडे सरकताना दिसले, तर दोहोंच्या मध्ये कोठेतरी वारा थांबलेला आहे. सह्याद्रीवरून निघालेली लाट त्या पातळीच्या वर जात नाही.