रोहूचा पर आणि माणसाचे मनगट

भुसावळच्या बाजारात रोहू, कटला कापताना पर छाटून टाकतात. त्या परांत पातळ काड्याच दिसतात, आपल्या दंडासारखे जाड हाड काही सापडत नाही. त्यामुळे माणसाचे हातपाय माशांच्या परांपासून घडले, हे सांगितले तर अनेकांना पटत नाही. गोम अशी की, ते मासे रोहूच्या शाखेतले नव्हतेच. मांसल पर असणाऱ्या माशांची शाखाच निराळी. तिच्यातले फुप्फुसमासे आज ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत उरले आहेत. एकेकाळी ते आपल्याकडेही होते. सेराटोडस या त्यांच्या भाऊबंदाचे दगड झालेले दात प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, मालेरी परिसरात मिळाले आहेत.

खानदेशात असे काही मिळणे कठीण. इथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि हाडे जपून ठेवायला गाळाचा खडक लागतो. तो विदर्भात आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (तिथले हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचे) यांच्या काळात वर्धा खोऱ्यातल्या मांगली येथे रुंद, चपटी कवटी मिळाली. १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स’ नाव दिले. हा चार पायांचा उभयचर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. पाय फुटले ते त्याच्याही खूप आधी.

त्याचा ठळक पुरावा २००४ मध्ये कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स यांच्या पथकाला मिळाला. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा म्हणजे ‘टिक्टालिक’. अंगावर खवले, पण मान मोकळी. परात आधी एक हाड, पुढे दोन. ही मांडणी त्याच्या आधीच्या काही माशांतही होती. नवे होते ते मनगट. लहान हाडांचा तो सांधा वाकवून, पर तळाला टेकवून, जोर काढावा तसे हा मासा उथळ पाण्यात अंग उचलू शकत असावा. बोटे मात्र नव्हती. ती नंतर आली, आणि पाचच आली असेही नाही: ग्रीनलँडच्या अ‍ॅकँथोस्टेगाला एका पायाला आठ होती. (सहा बोटांचे बाळ जन्मले म्हणजे जुना प्राणी परतला, असे मुळीच नाही. तो गर्भातल्या वाढीतला फरक असतो.)

अंगाचा भार मनगटावर घेण्याची ती सोय आजही आपल्या कामी येते, आणि अंगाशीही येते. मोरीत पाय घसरला की हात आपोआप पुढे येतो आणि सगळा भार तळहातावरून मनगटात जातो. त्यातला बराचसा अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर पडतो. पाळी गेल्यानंतर हाडे विरळ झालेल्या बायकांत ते हाड मनगटालगत मोडते. हात काट्यासारखा वाकडा दिसतो.

अशा वेळी बांबूच्या कामट्या लावून करकचून पट्टी बांधली तर रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठायचे, मग ती पट्टी हाडवैद्याने बांधलेली असो वा प्लास्टर असो. एक्स-रे काढून हाड बसवल्यावर प्लास्टरमध्येही बोटे हलवत राहायची. आणि पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडले, तर हाडांची घनता तपासून घ्यायची. पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका अशा रुग्णांत जास्त असतो.